पीटर सशाची आई, मेंढ्यांची मालकीण: बिॲट्रिक्स पॉटरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निळा कोट घातलेला ससा बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. कुणाच्या बारशाच्या भेटीत आलेल्या वाटीवर, कुणाच्या दुपट्यावर, नाहीतर इंग्रजी शाळेच्या वाचनालयातल्या खालच्या फळीवर. तो ससा काढणारी बाई मात्र लोकांच्या डोक्यात 'सश्या-उंदरांची गोड चित्रं काढणारी कुणी म्हातारी' एवढीच असते. बाई गोड वगैरे फारशा नव्हत्या. त्यांची नजर कडक होती, हिशेब पक्का होता, आणि आयुष्याची शेवटची तीस वर्षं त्या पुस्तकांपेक्षा मेंढ्यांबद्दल जास्त बोलत होत्या. पॉटरबाईंबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हॅरी पॉटरशी यांचं काही नातं आहे का?

नाही. पॉटर म्हणजे कुंभार. आपल्याकडचे सगळे कुंभार एका घरचे नसतात, तसंच तिकडेही.

त्यांचा जन्म कधी आणि कुठे झाला?

28 जुलै 1866 रोजी, लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टन भागात, 2 बोल्टन गार्डन्स या पत्त्यावर. पूर्ण नाव हेलन बिॲट्रिक्स पॉटर. आईचं नावही हेलन असल्याने घरात आणि पुढे पुस्तकांवर मधलं नावच चाललं. धाकटा भाऊ बर्ट्रम सहा वर्षांनी झाला. तोवर आणि नंतरही ती बहुतेक वेळ तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांच्या खोलीतच असे.

घरचे श्रीमंत होते का?

चांगलेच. वडील रुपर्ट पॉटर यांनी बॅरिस्टरची सनद घेतली होती, पण वकिलीपेक्षा त्यांचा जीव फोटोग्राफीत जास्त. पोटापाण्याची चिंता नव्हती, कारण आईवडील दोघांच्याही घरी पैसा आला होता तो लँकशायरच्या कापसातून. आजोबा एडमंड पॉटर यांचा ग्लॉसपजवळ सुती कापड छापण्याचा प्रचंड कारखाना होता. त्या छापील सुती कापडाला 'कॅलिको' म्हणत, आणि हे नाव आपल्या कालिकतवरून पडलेलं. लँकशायरच्या कापडाची आपल्याकडची आठवण अर्थातच वेगळी आहे. 1905 साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्याच साली या कारखानदाराच्या नातीने स्वतःच्या कमाईतून पहिली शेतजमीन विकत घेतली. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण साल वाचताना मन अडकतं.

त्या शाळेत गेल्या होत्या का?

कधीच नाही. भाऊ निवासी शाळेत गेला, ती घरी शिकवणीच्या बायांकडे शिकली. म्हातारपणी त्यांनी यावर समाधानच व्यक्त केलं. शाळेने आपला वेगळेपणा घासून काढला असता, असं त्यांचं म्हणणं होतं.

खरी शाळा तिसऱ्या मजल्यावर भरत असे. ससे, उंदीर, बेडूक, सरडे, वटवाघूळ, काट्यांच्या अंगाचा हेजहॉग, सगळे तिथे राहायचे. त्यांतले काही आईवडिलांच्या नकळत कागदी पिशवीतून आणलेले असत. दोघं भावंडं प्राणी पाळत, जीव लावत, आणि प्राणी मेला की तो उकळून त्याचा सांगाडा जोडून त्याची चित्रं काढत. हे वाचून अंगावर काटा येतो खरा. पण पीटर सशाला कोट चढवला तरी तो ससाच का वाटतो, याचं उत्तर इथेच आहे. कोटाच्या आत हाडं जिथे असायला हवीत तिथेच आहेत.

वडिलांचे मित्र आणि नामवंत चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांनी तिला एकदा सांगितलं होतं, की चित्रं काढणारे पुष्कळ असतात, तुझ्याकडे निरीक्षण आहे. हे तिने आपल्या डायरीत लिहून ठेवलं आहे.

ती गुप्त लिपीतली डायरी खरी आहे का?

खरी आहे. साधारण पंधराव्या वर्षापासून तिशीपर्यंत त्या स्वतः तयार केलेल्या लिपीत डायरी लिहीत होत्या. प्रत्येक अक्षराऐवजी दुसरं चिन्ह, अशी सोपी युक्ती. पण लिखाण इतकं बारीक आणि सराईत, की त्यांच्या पश्चात ते कोणालाच वाचता येईना. लेस्ली लिंडर नावाचा एक अभियंता पाच-सहा वर्षं त्याच्यामागे लागला होता. 1958 च्या ईस्टरच्या सुमारास त्याला एका पानावर रोमन आकड्यांतला सोळा आणि 1793 हे साल दिसलं. त्या साली कोणत्या सोळाव्याचं काय झालं? फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा शिरच्छेद. त्यावरून एक शब्द सुटला, शब्दावरून अक्षरं सुटली, आणि मग सगळी वही उलगडली. डायरी 1966 साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, छापून आली.

आत काही स्फोटक सापडेल असं वाटणाऱ्यांची निराशा होते. चित्रप्रदर्शनांवरची मतं, राजकारण, पाहुण्यांच्या गमती, सशांच्या खोड्या. मग लपवायचं काय होतं? माझा अंदाज असा, की त्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी दुसरी जागाच नव्हती.

त्या खरंच शास्त्रज्ञ होत्या का? की ही नंतर रचलेली कथा?

या प्रश्नाला थोडं सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण इंटरनेटवर दोन्ही टोकांचं लिहिलेलं सापडतं.

पॉटर कुटुंब दरवर्षी उन्हाळ्यात स्कॉटलंडला जाऊन राहायचं. तिथे पर्थशरमध्ये चार्ल्स मॅकिंटॉश नावाचा पोस्टमन होता. टपाल वाटत रोज मैलोन्मैल चालताना त्याला अळंब्यांचं वेड लागलेलं. 1892 पासून पॉटरबाई आणि हा पोस्टमन यांच्यात पत्रव्यवहार चालू झाला. तो पार्सलने अळंब्यांचे नमुने लंडनला पाठवायचा, त्या त्यांची जलरंगात चित्रं काढून एक प्रत त्याला द्यायच्या. चित्रं दिसायला सुंदर आहेतच, पण अळंबीचा उभा छेद, खालच्या पडद्या, देठाची बैठक हे सगळं मोजूनमापून आलेलं आहे.

पुढे त्यांनी अळंबीचे बीजाणू काचेच्या पट्टीवर रुजवून सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहायला सुरुवात केली. ते कसे फुटतात, तंतू कसे पसरतात, याच्या नोंदी आणि रेखाटनं केली. आत्याचे यजमान सर हेन्री रॉस्को हे मोठे रसायनशास्त्रज्ञ होते. ते भाचीला घेऊन क्यू इथल्या वनस्पती उद्यानात गेले. संचालकांनी फारसं मनावर घेतलं नाही. त्या भेटीचं डायरीतलं वर्णन तिरकस आणि अत्यंत वाचनीय आहे.

अखेर 1 एप्रिल 1897 रोजी लंडनच्या लिनिअन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेच्या सभेत त्यांचा निबंध मांडला गेला. विषय होता अळंब्यांच्या बीजाणूंचं अंकुरण. बायकांना तिथे सभासदत्व नव्हतं आणि सभेला बसायचीही परवानगी नव्हती, म्हणून क्यूचे जॉर्ज मॅसी यांनी तो सादर केला. निबंधावर आणखी काम हवं असं ठरलं, त्यांनी तो परत घेतला, आणि तो पुन्हा कधी छापला गेला नाही. आज त्याची प्रतही उरलेली नाही. शंभर वर्षांनी, 1997 मध्ये, या सोसायटीने त्यांना मिळालेल्या वागणुकीची चूक मान्य केली.

आता दुसरी बाजू. 'लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, हे पॉटरबाईंनी शोधलं' असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. हा सिद्धांत स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी 1860 च्या दशकातच मांडला होता, तेव्हा बाई दुपट्यात होत्या. (लायकेन म्हणजे काय असा प्रश्न पडला असेल तर गोड्या मसाल्याचा डबा उघडा. दगडफूल हे लायकेनच.) निबंधच हाती नसल्याने त्यांनी नेमका कोणता नवा शोध लावला हे ठामपणे सांगणं धाडसाचं आहे. चित्रं मात्र हाती आहेत. त्यांतली शेकडो वायव्य इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या भागातल्या ॲम्बलसाइडच्या आर्मिट संग्रहालयात आहेत, आणि 1967 साली निघालेल्या अळंब्यांच्या एका शास्त्रीय मार्गदर्शिकेत त्यांतली 59 चित्रं वापरली गेली. सत्तर वर्षांनीही ओळख पटवायला उपयोगी पडली, एवढी ती नेमकी होती.

पीटर सशाची गोष्ट कशी सुचली?

एका आजारी मुलाला पत्र लिहिताना. ॲनी कार्टर ही त्यांची शेवटची शिक्षिका, वयाने जेमतेम तीन वर्षांनी मोठी, म्हणजे मैत्रीणच. लग्नानंतर ती ॲनी मूर झाली आणि तिचं घर मुलांनी भरलं. थोरला नोएल पाच वर्षांचा असताना अंथरुणाला खिळला. 4 सप्टेंबर 1893 ला स्कॉटलंडमधून त्याला पत्र लिहायला बसल्यावर बाईंना सुचेना काय लिहावं, म्हणून त्यांनी चार सशांची गोष्ट चित्रांसकट लिहून धाडली. दुसऱ्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ एरिक याला वेगळं पत्र, त्यात मासे धरायला निघालेला बेडूक. तो बेडूकही पुढे पुस्तकात आला.

पीटर हा खराखुरा ससा होता, पीटर पायपर नावाचा. लंडनच्या शेपर्ड्स बुश भागात साडेचार शिलिंगांना घेतलेला. त्याला गोल रिंगमधून उडी मारायला शिकवलं होतं. त्याआधीचा बेंजामिन बाउन्सर, त्याला तर दोरी बांधून फिरायला नेत.

प्रकाशकांनी पुस्तक नाकारलं होतं म्हणतात, ते खरं का?

हो, निदान सहा जणांनी. 1900 च्या सुमारास ॲनीने सुचवलं, की या पत्रांची पुस्तकं कर. नोएलने पत्र जपून ठेवलं होतं, म्हणून ते उसनं मागून आणता आलं. प्रकाशकांना पुस्तक मोठ्या आकाराचं हवं होतं. बाईंचा आग्रह वेगळा: पुस्तक लहान मुलाच्या हातात मावेल एवढंच हवं, प्रत्येक उघड्या पानावर एक चित्र हवं, आणि किंमत सशांना नव्हे तरी सामान्य माणसाला परवडेल अशी हवी.

कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशांनी 250 प्रती छापून घेतल्या. डिसेंबर 1901. आतली चित्रं काळी-पांढरी, फक्त सुरुवातीचं एक रंगीत. त्या प्रती नातेवाईक-ओळखीच्यांत पाहता पाहता संपल्या, दोनेक महिन्यांत आणखी 200 काढाव्या लागल्या. एक प्रत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी आपल्या मुलांसाठी घेतली होती.

मधल्या काळात एक गंमत घडली. कॅनन रॉन्स्ली या पाद्रीबुवांनी, जे कुटुंबाचे जुने स्नेही होते, गोष्ट जुळवाजुळव करून यमकबद्ध पद्यात बसवली आणि फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेकडे पाठवली. वॉर्न मंडळींनी कळवलं, की चित्रं हवीत, पण मजकूर बाईंचा साधा गद्यच बरा. त्या निर्णयाबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. अट एकच, चित्रं सगळी रंगीत करून द्या. ऑक्टोबर 1902 मध्ये पुस्तक आलं. पहिल्या 8,000 प्रती बाजारात येण्याआधीच मागणीत संपल्या होत्या, आणि वर्ष सरेपर्यंत छापील प्रतींचा आकडा 28,000 वर गेला.

बाहुल्या, कपबश्या, वॉलपेपर हे सगळं नंतरच्या कंपन्यांनी सुरू केलं ना?

नाही, खुद्द बाईंनी. 1903 साली त्यांनी पीटरची कापडी बाहुली स्वतः शिवली, आत शिसाचे छर्रे भरून ती नीट उभी राहील असं पाहिलं, आणि पेटंट कचेरीत नोंदवली. पाठोपाठ सोंगट्यांचा खेळ आणि भिंतीचा कागद. पात्राचा हक्क विकून कमाई करायची ही कल्पना तेव्हा नवीच होती.

यामागे एक ठेच होती. अमेरिकेत पुस्तकाचा स्वामित्वहक्क वेळेवर नोंदवला गेला नाही, आणि तिथल्या प्रकाशकांनी बिनदिक्कत चोरटी आवृत्ती काढली. बाईंना एक पैसा मिळाला नाही. त्यानंतर त्यांनी प्रत्येक करार स्वतः बारकाईने वाचला.

जर्मनीतून येणाऱ्या स्वस्त बाहुल्यांपुढे इंग्लंडमधले खेळणीवाले टिकत नव्हते. बाहुली बनवून द्यायला देशी कारखानदार मिळेना, तेव्हा 1910 च्या निवडणुकीत पॉटरबाई आयात मालावर जकात हवी म्हणून प्रचाराला उतरल्या, हाताने भित्तिपत्रकं रंगवून. लँकशायरच्या कापडवाल्यांची नात स्वदेशीचा झेंडा घेऊन उभी! टिळकांना हसू आलं असतं.

नॉर्मन वॉर्न यांच्याशी त्यांचं लग्न ठरलं होतं का?

ठरलं होतं, महिनाभरासाठी. नॉर्मन हे वॉर्न बंधूंतले धाकटे, आणि पॉटरबाईंचं काम तेच पाहत. जवळजवळ रोज पत्रं जात. दोन दांडगोबा उंदरांच्या गोष्टीसाठी बाहुलीघर हवं होतं, ते नॉर्मननी पुतणीसाठी हाताने केलेलं. त्याची चित्रं काढायला त्यांच्या भावाच्या घरी जायचं, तर आईने परवानगी दिली नाही. बाई तेव्हा सदतीस वर्षांच्या होत्या. शेवटी फोटोंवरून चित्रं काढली.

25 जुलै 1905 ला नॉर्मननी पत्राने मागणी घातली. बाईंनी होकार दिला. आईवडिलांचा सक्त विरोध, कारण मुलगा 'धंद्यातला'. स्वतःचे आजे कापड छापून मोठे झाले होते हे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्यांनी साखरपुडा जाहीर करू दिला नाही. अंगठी बोटात, गोष्ट घरात. 25 ऑगस्टला नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेले, वय 37. बाई तेव्हा वेल्समध्ये होत्या. जगाच्या लेखी त्यांचा संबंध लेखिका आणि प्रकाशक एवढाच, त्यामुळे उघडपणे शोकही करता आला नाही.

हिल टॉप म्हणजे काय?

लेक डिस्ट्रिक्टमधल्या निअर सॉरी गावातलं सतराव्या शतकातलं शेतघर आणि त्याभोवतीची 34 एकर जमीन. नॉर्मन गेल्यावर काही महिन्यांतच, पुस्तकांच्या कमाईतून आणि नात्यातून आलेल्या थोड्या रकमेतून त्यांनी ते घेतलं. गावकऱ्यांनी 'लंडनच्या बाईला जास्त भावात गळ्यात मारलं' म्हणून मजा घेतली. मूळचा कसणारा जॉन कॅनन कुटुंबासह तिथेच राहिला, बाई आईवडिलांकडून सुटका मिळेल तशा येऊन-जाऊन असत. घरात उंदरांचा सुळसुळाट होता, त्यावर एक पुस्तक झालं. बदकं अंडी नीट उबवत नव्हती, त्यावर दुसरं झालं, तेच ते जेमायमा बदकीचं. सगळ्यात उत्तम पुस्तकं 1905 ते 1913 या आठ वर्षांतली आहेत आणि त्यांतला स्वयंपाकघराचा ओटा, जिना, वाफ्यातलं रेवंड आजही जाऊन पाहता येतं.

पुढे लग्न केलं का?

केलं, 47 व्या वर्षी. जमिनीचे व्यवहार पाहणारे हॉक्सहेडचे वकील विल्यम हीलिस यांच्याशी. आईवडिलांनी पुन्हा नाक मुरडलं, गावाकडचा वकील म्हणून. तेव्हा भाऊ बर्ट्रमने घरात बॉम्ब टाकला. तो म्हणाला, माझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली. स्कॉटलंडमध्ये शेती करणाऱ्या या चिरंजीवांनी 1902 मध्ये गुपचूप संसार थाटला होता! 15 ऑक्टोबर 1913 ला केन्सिंग्टनच्या चर्चमध्ये साधेपणाने लग्न लागलं. त्यानंतर गावात त्या मिसेस हीलिस. 'मिस पॉटर' म्हणून हाक मारणाऱ्या पाहुण्यांकडे त्या फारसं लक्ष देत नसत.

लग्नानंतर लिहिणं का थांबलं?

पूर्ण थांबलं नाही, आटलं. नजर अधू होत चालली होती, बारीक ब्रशकाम जमेना. आणि खरं सांगायचं तर त्यांचं मन शेतीत रमलं होतं. 1917 मध्ये वॉर्न कंपनीच अडचणीत आली. नॉर्मनचे थोरले भाऊ हॅरॉल्ड यांना खोट्या हुंड्या, म्हणजे पैसे देण्याची बनावट वचनपत्रं, काढल्याच्या प्रकरणात अटक होऊन अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. बाईंचे पैसेही थकलेले. त्या कंपनी बुडवू शकल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी जुन्या वह्यांतली बडबडगीतं काढून घाईने पुस्तक करून दिलं, आणि कंपनी तगली. छोट्या आकाराच्या गोष्टींची संख्या शेवटी तेवीसवर गेली.

1936 साली वॉल्ट डिस्नेने पीटरवर चित्रपट काढायची परवानगी मागितली. बाईंनी नकार दिला.

मेंढ्यांचं काय प्रकरण आहे?

बाईंना विचारलं असतं तर त्यांनी हेच आपलं मुख्य काम सांगितलं असतं.

लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांवर हर्डविक जातीची मेंढी असते. कोकरू जन्मतं काळं, वाढत जाईल तसं राखाडी होतं. लोकर भरड, गालिच्यांना चालणारी, त्यामुळे भाव कमी. पण पाऊस, बर्फ, खडक कशालाही दाद न देणारी ही जात. तिचं खरं वैशिष्ट्य असं, की ती आपला डोंगर ओळखते. कुंपण नसताना आपल्या हद्दीत चरते, आणि हे ज्ञान आईकडून कोकराला मिळतं. म्हणून तिथे शेत विकलं तर कळप शेताबरोबरच जातो. नवा कळप आणून सोडला तर तो भलतीकडे भटकेल.

1923 मध्ये त्यांनी ट्राउटबेक पार्क हे जवळजवळ दोन हजार एकरांचं रान घेतलं. तिथला कळप लिव्हर फ्लूकच्या चपट्या जंतांनी पोखरलेला होता. टॉम स्टोरी नावाच्या मेंढपाळाला त्यांनी 1926 मध्ये दुप्पट पगार देऊ करून आणलं, आणि औषधपाणी करून कळप सावरला. पुढे हिल टॉपच्या मेंढ्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळवू लागल्या. लाकडी तळाचे बूट, खरखरीत ट्वीडचा घागरा, पाऊस आला की डोक्यावर गोणपाट, अशा वेशात त्या बाजारात मेंढे पारखत उभ्या असत. 1943 मध्ये हर्डविक पैदासकारांच्या संघटनेने त्यांना पुढच्या अध्यक्ष म्हणून निवडलं. त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या बाई ठरल्या असत्या, पण त्याआधीच वारल्या.

एवढी जमीन घेऊन त्यांनी काय केलं?

देऊन टाकली. पद्य करणारे तेच कॅनन रॉन्स्ली 1895 मध्ये नॅशनल ट्रस्ट ही जमिनी आणि जुन्या वास्तू जपणारी संस्था स्थापणाऱ्या तिघांपैकी एक. जमीन विकासकांच्या हाती पडून तिचे तुकडे होऊ नयेत, हे बाईंच्या मनात त्यांनीच रुजवलं. 1930 मध्ये मंक कोनिस्टन ही मोठी मालमत्ता विक्रीला निघाली, तेव्हा ट्रस्टकडे पैसे नव्हते. बाईंनी सगळी घेतली, निम्मी ट्रस्टला खरेदीच्याच भावात दिली, आणि वर त्यांची जमीन काही वर्षं सांभाळूनही दिली. मृत्यूपत्राने उरलेलं सगळं, म्हणजे 4,000 एकरांहून जास्त जमीन, डझनाहून अधिक शेतं, घरं आणि कळप ट्रस्टकडे गेले. डोंगरावरच्या शेतांत शुद्ध हर्डविक मेंढ्याच राहतील, अशी अट त्यात लिहिलेली आहे. हा प्रदेश 2017 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

या गोष्टी लहान मुलांना भीतीदायक नाहीत का?

थोड्या आहेत, आणि म्हणूनच त्या टिकल्या. दुसऱ्या पानावरच आई सांगते, की मॅकग्रेगरच्या मळ्यात जाऊ नका, तुमच्या बाबांचा तिथे अपघात झाला आणि मॅकग्रेगरीणबाईंनी त्यांना पुरणासारखं भरून शिजवलं. आवाज न चढवता, एका वाक्यात. आपल्या आजीच्या गोष्टीत लांडगे-कोल्हे असंच करतात, मुलं बिघडत नाहीत. मला खटकतं ते वेगळंच: काही नव्या आवृत्त्यांत हे वाक्य गाळलेलं दिसतं. मग पीटर पळतो तरी कशासाठी?

अमेरिकेतल्या जुन्या सशाच्या गोष्टींवरून त्यांनी उचललं, असा आरोप आहे ना?

अंकल रीमसच्या गोष्टी, म्हणजे अमेरिकेतल्या गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांनी जपलेल्या ब्रर रॅबिटच्या कथा, पॉटर घरात वाचल्या जात. बाईंनी त्यांची चित्रंही काढली होती. सश्याने बागेत घुसून मालकाला चकवणं, काही शब्द, काही नावं यांत तो ठसा दिसतो, आणि त्याची कबुली त्यांनी पुस्तकात कुठे दिली नाही. हा मुद्दा अभ्यासकांनी अलीकडे जोर देऊन मांडला आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही.

पहिलं कोणतं पुस्तक वाचावं?

तीन-चार वर्षांच्या मुलाला पीटर. सहाच्या पुढे ग्लॉस्टरच्या शिंप्याची गोष्ट, जी बाईंची स्वतःची आवडती. महापौराचं जाकीट अर्धवट ठेवून आजारी पडलेला शिंपी, आणि रात्री येऊन ते शिवून देणारे उंदीर. मूळ घटना ग्लॉस्टरमध्ये खरोखर घडलेली, फक्त तिथे उंदीर नव्हते, शिंप्याचे मदतनीस होते.

मराठीत भाषांतर करायला परवानगी लागते का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. बाई 1943 मध्ये वारल्या, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं इथे 2004 च्या सुरुवातीपासून खुली आहेत. मृत्यूनंतर छापलेल्या साहित्याची मोजणी वेगळी, ती प्रकाशनापासून होते. पात्रांची नावं आणि चित्रं व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेली आहेत, म्हणून भाषांतर करा, पण पीटरच्या चित्राचा दप्तरांचा धंदा सुरू करण्याआधी वकिलाला विचारा.

करणाऱ्यांसाठी दोन शब्द. काही गोष्टी मराठीत अशा बसतात की जणू इथल्याच. मळ्यात हादडून आलेल्या पीटरला आई झोपताना कॅमोमाईलचा चमचाभर काढा पाजते. 'काढा' हा शब्द लिहिला की मराठी पोराला शिक्षा समजते, तळटीप लागत नाही. हेजहॉग काकूंचा पेशा परटिणीचा, तिथे खळ, इस्त्री, घड्या हे सगळं आपल्याकडे आयतं आहे. हेजहॉगला मात्र 'साळू' म्हणू नका, साळू म्हणजे साळिंदर, मोठ्या काट्यांचा वेगळाच प्राणी. आणि सशाच्या पिल्लांना जास्त लेट्यूस खाऊन गुंगी येते, तिथे बाईंनी मुद्दाम एक जड, पुस्तकी शब्द वापरला आहे. 'झोप आणणारं' असं सोपं करू नका. 'निद्राकारक' लिहा. मूल तो शब्द पुढचे आठ दिवस घरभर वापरेल.

त्यांची समाधी कुठे आहे?

कुठेच नाही. 22 डिसेंबर 1943 ला निअर सॉरीच्या कासल कॉटेजमध्ये त्या गेल्या. ब्लॅकपूलला दहन झालं. राख टॉम स्टोरीकडे दिली गेली. ती हिल टॉपच्या वरच्या रानात टाकायची, पण जागा कोणाला सांगायची नाही, एवढंच त्याला बजावलेलं होतं. त्याने ती टाकली आणि तो मेंढ्यांकडे परतला.